द एव्हिएटर (२००४): रिव्हेट, वाटाणे आणि हॉवर्ड ह्यूज

नभांगण (धागाकर्ता)

'द एव्हिएटर' हा हॉवर्ड ह्यूज या विमानवेड्या, धनाढ्य चित्रपटनिर्मात्यावरचा चित्रपट. त्याचा विषय निघाला की बोलणं बेव्हर्ली हिल्सवर विमान कोसळतं त्या प्रसंगावर येतं. प्रसंग आहेच तसा. पण मला या धाग्यात एका साध्या हालचालीबद्दल बोलायचंय. एच-१ हे शर्यतीचं विमान तयार होत असताना हॉवर्ड ह्यूज (लिओनार्डो डिकॅप्रिओ) त्याच्या अंगावरून हात फिरवतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रिव्हेटचं (पत्रे जोडणाऱ्या खिळीचं) डोकं कुठे बोटाला लागतंय का, ते चाचपतो. त्याला सगळे रिव्हेट पत्र्याच्या पातळीत हवे आहेत, स्क्रू आणि सांधेसुद्धा. वर आलेलं प्रत्येक डोकं हवा अडवतं आणि वेग खातं. ग्लेन ओडेकर्क हा त्याचा अभियंता बाजूला उभा राहून मुकाट ऐकतो.

आता तोच माणूस जेवायला बसलेला बघा. ताटात स्टेक, मोजून बारा वाटाणे, आणि टोपण न उघडलेली दुधाची बाटली. नट एरॉल फ्लिन गप्पांच्या ओघात त्यातला एक वाटाणा उचलतो आणि तोंडात टाकतो. फ्लिनच्या लेखी काहीच घडलेलं नाही. ह्यूजचा चेहरा मात्र उतरतो, आणि त्या ताटाशी आता त्याचा काही संबंध उरलेला नाही हे आपल्याला एका क्षणात कळतं.

माझं म्हणणं असं आहे की या चित्रपटात प्रतिभा आणि आजार यांचे दोन वेगळे कप्पे नाहीत. नजर एकच आहे. ती पत्र्यावर पडली की जगातलं सगळ्यात देखणं विमान तयार होतं, आणि ताटावर, साबणावर, दाराच्या मुठीवर पडली की माणूस जागच्या जागी अडकतो. चरित्रपटांमध्ये हे सहसा जमत नाही. तिथे आधी पराक्रम येतो, मग ऱ्हास. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी आणि लेखक जॉन लोगन यांनी दोन्ही पहिल्यापासून शेजारी ठेवलंय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ह्यूजचा जन्म १९०५चा, टेक्सासमधला. वडिलांनी तेलविहिरी खणायच्या ड्रिल बिटचं पेटंट घेतलं होतं आणि त्यावर ह्यूज टूल कंपनी उभी होती. आई १९२२मध्ये गेली, वडील १९२४मध्ये. विशीही न गाठलेल्या मुलाच्या हातात अफाट पैसा आला. चित्रपट १९२७ला सुरू होतो आणि १९४७ला संपतो. म्हणजे ह्यूजने काढलेल्या 'हेल्स एंजल्स' या युद्धपटाच्या चित्रीकरणापासून एच-४ हर्क्युलस या महाकाय लाकडी विमानाच्या एकमेव उड्डाणापर्यंत. त्या आधी लहानपणाचा एकच प्रसंग येतो: आई मुलाला आंघोळ घालते आहे, साथीच्या रोगांबद्दल सांगते आहे, त्याच्याकडून 'क्वारंटाइन' या शब्दाची स्पेलिंग म्हणवून घेते आहे, आणि तू सुरक्षित नाहीस असं बजावते आहे.

१७० मिनिटांत मला एकदाही घड्याळ बघावंसं वाटलं नाही. तुम्हाला काय दिसलं ते लिहा. विमानांबद्दल जाणकारांनी लिहिलं तर फारच उत्तम.

छायाप्रकाश

चांगला धागा. वाटाण्यांचा विषय काढलात तर त्यांच्या रंगाबद्दल लिहायलाच हवं. त्या प्रसंगात वाटाणे हिरवे नाहीत, निळसर आहेत. पुढे ह्यूज आणि त्याची प्रेयसी, नटी कॅथरिन हेपबर्न (केट ब्लँचेट) गोल्फ खेळतात तिथलं गवतही निळ्याकडे झुकलेलं आहे. बऱ्याच जणांना वाटतं की प्रिंट खराब आहे किंवा टीव्हीचं काहीतरी बिघडलंय. तसं नाही, ते मुद्दाम केलंय.

विसाच्या दशकात टेक्निकलरची पद्धत दोन पट्ट्यांची होती. लालसर आणि हिरवट अशा दोनच नोंदी घेतल्या जायच्या, त्यामुळे निळा आणि पिवळा नीट उमटत नसे. तिशीच्या मध्यावर तीन पट्ट्यांची पद्धत रुळली आणि पडद्यावर भरगच्च रंग आले. छायाचित्रकार रॉबर्ट रिचर्डसन आणि इफेक्ट्स सांभाळणारे रॉब लेगाटो यांनी चित्रपटाचा सुरुवातीचा भाग संगणकावर त्या जुन्या दोन रंगी छटेत नेला आणि कथेतलं साल पुढे सरकलं तशी तीन रंगी छटा आणली. म्हणजे आपण १९२८चा ह्यूज बघतो तेव्हा त्या काळचा प्रेक्षक जो रंग पडद्यावर बघायचा तोच बघतो. पाच ऑस्करमधलं एक छायाचित्रणाला मिळालं ते उगीच नाही. बाकीची केट ब्लँचेट, थेल्मा स्कूनमेकरचं संकलन, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा यांना. नामांकनं ११ होती.

आणखी एक गोष्ट, ढगांची. 'हेल्स एंजल्स'साठी ह्यूजने पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या झुंजी आकाशात चित्रित केल्या आणि पडद्यावर पाहिलं तर सगळं संथ वाटत होतं. कारण अगदी सोपं आहे. मोकळ्या आभाळात विमानाच्या मागे काहीच नसेल तर ते किती वेगाने जातंय हे डोळ्यांना कळत नाही. मागे काहीतरी स्थिर हवं. म्हणून ढग हवेत. म्हणून सगळा जामानिमा घेऊन दिवसेंदिवस ढगांची वाट बघणं आलं, मग ढगांच्या शोधात ओकलंडला मुक्काम हलवणं आलं. चित्रपटात यासाठी एक हवामानतज्ज्ञ प्राध्यापक नेमला आहे (इयान होम), ते पात्र काल्पनिक आहे. पण वाट बघणं खरं. लोक त्याला चक्रम म्हणत होते आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

तुमच्या 'एकच नजर' या मुद्द्याला हे उदाहरण जोडावंसं वाटतं. पैसा वाया चाललाय, नटनट्या खोळंबल्या आहेत, आणि याला पडद्यावर जे कमी दिसतंय ते सोडवत नाही. त्यात १९२७ला बोलपट आला, तेव्हा जवळजवळ पुरा झालेला मूकपट त्याने पुन्हा ध्वनीसह चित्रित केला. मूळ नायिका ग्रेटा निसनचे उच्चार नॉर्वेजियन वळणाचे, म्हणून तिच्या जागी जीन हार्लो आली. १९३०ला ग्रॉमन्स चायनीज थिएटरला पहिला खेळ झाला. त्या रात्रीच्या प्रसंगात फ्लॅशचे फुटलेले दिवे बुटांखाली करकरतात, तो आवाज ऐका. ह्यूजला कमी ऐकू यायचं; अशा माणसाला त्या गर्दीत काय होत असेल ते त्या आवाजावरून समजतं.

तिसरीघंटा

मला चित्रपट आवडला, पण मधला तासभर लांबला आहे हे माझं स्पष्ट मत. नटी एवा गार्डनर आणि ईर्षेचा सगळा भाग कात्रीत जायला हवा होता. केट बेकिन्सेलला तिथे करण्यासारखं फारसं काही दिलेलंच नाही.

अभिनयात माझ्या लेखी पहिला नंबर ब्लँचेटचा. हेपबर्नचा तो खणखणीत आवाज, चालताना पुढे झुकणं, हसणं, हे सगळं नकलेच्या काठावर आहे आणि ती पलीकडे घसरत नाही. हेपबर्नच्या घरी जेवणाचा प्रसंग आठवा. सगळे एकाच वेळी बोलताहेत, ह्यूजला अर्धं ऐकू येत नाही, आणि त्या घरातली माणसं पैशाला आम्ही महत्त्व देत नाही असं सांगताहेत. तो म्हणतो, तुमच्याकडे तो आहे म्हणून. त्या एका वाक्यात डिकॅप्रिओने टेक्सासचा पोरका मुलगा दाखवला.

दुसरा नंबर ॲलन अल्डाचा. ह्यूजच्या युद्धकाळातल्या सरकारी कामांची चौकशी करणारा सिनेटर ब्रूस्टर त्याला खासगीत जेवायला बोलावतो तो प्रसंग मी विसरूच शकत नाही. ह्यूजसमोर ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासवर अंगठ्याचा ठसा आहे. ताटात अख्खा मासा, डोळ्यासकट. ब्रूस्टर गोड बोलतोय आणि ह्यूजची नजर ठशावर खिळलेली. समोरच्याचा आजार कळल्यावर त्याचं हत्यार करणं म्हणजे काय, ते आवाज न चढवता दाखवलंय. यापुढे सिनेटच्या चौकशीतली आरडाओरड मला साधी वाटली.

यंत्रविशारद

विमानांबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, जरा सविस्तर.

एच-१ आधी. १३ सप्टेंबर १९३५ला कॅलिफोर्नियात सांता ॲनाजवळ ह्यूजने ताशी ३५२ मैल, म्हणजे सुमारे ५६७ किलोमीटर वेग गाठला. चित्रपटात त्याला जगातला सगळ्यात वेगवान माणूस म्हटलंय. त्यात एक बारीक दुरुस्ती: हा विक्रम जमिनीवरून उडणाऱ्या विमानांचा. इटलीच्या मॅकी एम.सी. ७२ या पाण्यावरून उडणाऱ्या विमानाने १९३४मध्येच ७०९ किलोमीटर गाठले होते. पण म्हणून एच-१ लहान ठरत नाही. पाण्यावरच्या शर्यतीच्या विमानांमागे सरकारं उभी होती, हे एका माणसाने स्वतःच्या पैशाने केलं. पत्र्याच्या पातळीत बसवलेले रिव्हेट, आत ओढून घेता येणारी चाकं, गुळगुळीत लाकडी पंख. पंखांचे दोन जोड होते, वेगाच्या विक्रमासाठी आखूड आणि लांब पल्ल्यासाठी मोठे. मोठे पंख लावून जानेवारी १९३७मध्ये तो लॉस एंजलिसहून नेवार्कला ७ तास २८ मिनिटांत पोचला. वेगाच्या विक्रमानंतर इंधन संपून विमान बीटच्या शेतात उतरवावं लागलं, ते चित्रपटात आहे आणि खरं आहे.

जुलै १९३८ची जगप्रदक्षिणा मात्र चित्रपटाने बातमीपटासारखी दोन मिनिटांत उरकली. याचं मला वाईट वाटतं. न्यूयॉर्कहून निघून पॅरिस, मॉस्को, ओम्स्क, याकुत्स्क, फेअरबँक्स, मिनियापोलिस करत ९१ तासांत परत. लॉकहीड १४ विमान, सोबत चार सहकारी. यात नुसतं धाडस नव्हतं. रेडिओ, हवामानाचे अंदाज, इंधनाचे साठे, सगळ्याची महिनोनमहिने तयारी होती. वेळापत्रक आखून विमानाने पृथ्वीला फेरी मारता येते हे त्या उड्डाणाने लोकांना पटवलं. पुढे टीडब्ल्यूए ही विमान कंपनी आणि कॉन्स्टेलेशन हे प्रवासी विमान यांच्या मागे तो का लागला, त्याचं उत्तर या प्रवासात आहे.

आता एक्सएफ-११. ७ जुलै १९४६. लष्करासाठी बनवलेलं टेहळणीचं विमान, पहिलंच उड्डाण, आणि चालवायला स्वतः मालक. प्रत्येक इंजिनाला एकाच अक्षावर एकमेकींविरुद्ध फिरणारे दोन पंखे होते. अशा पंख्यांच्या पात्यांचा कोन तेलाच्या दाबाने बदलतो. उजवीकडच्या मागच्या पंख्यात तेलाची गळती झाली, दाब गेला, आणि पाती उलट्या कोनात फिरली. म्हणजे पुढचा पंखा विमानाला पुढे खेचतोय आणि मागचा त्याच जोराने मागे ढकलतोय. उजवीकडून कुणीतरी धरून ओढावं तसं विमान वळायला लागलं. ह्यूजला आधी वाटलं की बाहेर काहीतरी मोडून लोंबतंय. उजवं इंजिन बंद केलं असतं तर कदाचित विमानतळ गाठता आला असता, आणि लष्कराच्या चौकशीत दोष त्याच्याच पदरी पडला. ठरल्यापेक्षा जास्त वेळ तो हवेत राहिला होता, हेही त्यात आलं.

बेव्हर्ली हिल्समधली घरं छाटत विमान कोसळलं. जवळ असलेल्या मरीन दलाच्या एका सार्जंटने त्याला आगीतून ओढून बाहेर काढलं. गळ्याजवळचं हाड चिरडलेलं, बऱ्याच बरगड्या मोडलेल्या, डावं फुफ्फुस मिटलेलं, अंगावर खोल भाजल्याच्या जखमा. वेदनेसाठी औषधं सुरू झाली आणि कोडीन या वेदनाशामकाची सवय उरलेल्या आयुष्यात सुटली नाही. चित्रपट १९४७ला थांबतो म्हणून हा भाग त्यात पूर्णपणे येत नाही, पण त्याचं पुढचं आयुष्य समजून घ्यायचं तर या अपघातापासूनच सुरुवात करावी लागते.

एप्रिल १९४७मध्ये त्याने दुसरं एक्सएफ-११ स्वतः उडवलं. या वेळी साधे, एकेरी पंखे होते. अपघाताला वर्षही झालं नव्हतं. यावर काय म्हणावं मला कळत नाही. वैमानिक म्हणून मान तुकवतो, आणि कुणीतरी त्याला अडवायला हवं होतं असंही वाटतं.

अनामिका

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि का ते सांगायचंय.

माझ्या सख्ख्या भावाला मंत्रचळ आहे. डॉक्टर ओसीडी म्हणतात. घरात हा आजार जवळून बघितल्यामुळे 'एकच नजर, कधी विमानावर पडते, कधी ताटावर' हे वाक्य वाचून मला त्रास झाला. नभांगण, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय. पण या आजारात माणूस बारकाईने बघत नसतो. तो घाबरलेला असतो. रिव्हेट चाचपून झाला की काम संपतं, समाधान मिळतं, पुढचं काम सुरू होतं. हात धुऊन झाले की समाधान मिळत नाही. क्षणभर जीव थाऱ्यावर येतो आणि लगेच शंका येते की नीट धुतले का. प्रत्येक वेळी धुतल्याने पुढची शंका आणखी बळकट होते. भाऊ हुशार आहे, त्याच्या कामात चोख आहे. ते त्याचं स्वतःचं आहे. आजाराने त्याच्याकडून फक्त तास घेतले, दिलं काहीच नाही.

चित्रपटातच याचा पुरावा आहे. स्वच्छतागृहाचा प्रसंग घ्या. ह्यूज खिशातल्या डबीतून स्वतःचा साबण काढतो आणि रक्त येईपर्यंत हात घासतो. दुसऱ्या वेळी कुबड्या घेतलेला एक माणूस त्याच्याकडे हात पुसायला टॉवेल मागतो. टॉवेल ह्यूजच्या हाताशी आहे. तो देऊ शकत नाही. देणार नाही असं नाही, देऊ शकत नाही, आणि त्याची त्याला लाज वाटतेय. मग दार. मूठ धरायला काही उरलेलं नाही, म्हणून तो कुणीतरी बाहेरून दार उघडेपर्यंत भिंतीशी उभा राहतो आणि फट दिसताच निसटतो. माझा भाऊ असा उभा राहिलेला मी पाहिलाय. डिकॅप्रिओच्या डोळ्यांत जे आहे ते मी घरी पाहिलंय. त्याने यासाठी यूसीएलए या विद्यापीठातल्या जेफ्री श्वार्ट्झ या मनोविकारतज्ज्ञांची मदत घेतली होती, आणि तो अभ्यास पडद्यावर दिसतो.

अजून एक जागा. हर्क्युलसच्या कामावर तो सगळे आराखडे दाखवा असं सांगतो, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणतो, पुन्हा, पुन्हा. शेवटी तोंडावर हात दाबतो. त्या क्षणी तो प्रतिभावंत नसतो, अभियंता नसतो. गाडीत जाऊन बसतो आणि आईने शिकवलेली ती स्पेलिंग म्हणून स्वतःला थांबवतो. ज्या बाईने भीती घातली तिचेच शब्द आधाराला घ्यावे लागतात. इथे मी रडले होते.

म्हणून माझं म्हणणं: ह्यूजने जे केलं ते आजार असूनही केलं. आजारामुळे नाही. 'प्रतिभावंत म्हटला की थोडा चक्रम असायचाच' हे ऐकून ऐकून किती लोक उपचाराला उशीर करतात, ते घरच्यांना विचारा.

नभांगण

अनामिका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. रिव्हेट चाचपून झाल्यावर काम संपतं आणि हात धुऊन झाल्यावर संपत नाही, हा फरक तुम्ही दाखवलात तो चित्रपटाबाबत माझ्या विचाराला नवी दिशा देतो. ह्यूजच्या आजारातून विमानं आली असं मला म्हणायचं नाही. मला दिसतं ते असं: ह्यूजला स्वतःला त्या दोन गोष्टींमधली रेघ दिसत नव्हती. त्याच्या आसपासच्यांनाही दिसत नव्हती. पाचशे वेळा आराखडे मागणाऱ्या मालकाला ओडेकर्कने कुठल्या क्षणी थांबवायचं? आदल्या दिवशी त्याच मालकाने असंच खनपटीला बसून एक दोष शोधून काढलेला असतो. पगार देणारा तोच, आणि बहुतेक वेळा बरोबरही तोच. नोआ डिट्रिच (जॉन सी. रायली) हिशेब सांभाळतो, पैसा संपतोय म्हणतो, आणि शेवटी सही करतो. चित्रपटात ह्यूजला नाही म्हणू शकणारी माणसं फार कमी आहेत. हेपबर्न एक, आणि ती निघून जाते.

विमानातला दुधाच्या बाटलीचा प्रसंग मला त्यामुळेच मोलाचा वाटतो. रात्री लॉस एंजलिसवरून तो हेपबर्नला विमान चालवायला देतो. माणसांच्या हाताला काय काय असतं म्हणून सुकाणूला सेलोफेन गुंडाळलेलं. ती त्याच्या बाटलीतून दूध पिते आणि परत देते. तो बाटलीकडे बघतो, आणि पितो. कुणी काही बोलत नाही. तो विश्वासाने भीतीवर मात करू शकत होता, निदान तेव्हा. नंतरच्या बंद खोलीत दुधाच्या त्याच बाटल्या रांगेने लावलेल्या दिसतात, आणि त्यात दूध नसतं.

जुनाजाणता

सगळे चित्रपटावर खूश दिसताहेत, म्हणून वगळलेल्या गोष्टी नोंदवतो. तथ्यं तपासून घ्या हवी तर.

ह्यूजने १९२५मध्ये एला राइसशी लग्न केलं होतं आणि १९२९मध्ये घटस्फोट झाला. चित्रपटाच्या सुरुवातीच्या काळात तो विवाहित होता. त्या बाईचा मागमूस नाही. १९३६मध्ये त्याच्या मोटारीखाली एक पादचारी मेला. तेही नाही. १९४३मध्ये लेक मीडवर सिकोर्स्की विमान उतरवताना अपघात होऊन सोबतचे दोघे गेले, विमान ह्यूज चालवत होता. तेही नाही. 'हेल्स एंजल्स'च्या चित्रीकरणात वैमानिकांचे जीव गेले, तेही ओझरतंसुद्धा धड येत नाही. त्याच्या अचाट धाडसांमध्ये प्रत्येक वेळी जखमी होणारा तो एकटाच, असं चित्र उभं राहतं आणि ते खरं नाही. एकाच्या ध्यासाची किंमत इतरांनी मोजली.

चौकशीचंही तसंच. ऑगस्ट १९४७मध्ये ह्यूजची उलटतपासणी प्रामुख्याने उपसमितीचे अध्यक्ष होमर फर्ग्युसन घेत होते. ब्रूस्टर त्या मूळ समितीचे अध्यक्ष होते. ह्यूजच्या टीडब्ल्यूएने पॅन ॲम या प्रतिस्पर्धी विमान कंपनीत विलीन व्हावं म्हणजे चौकशी गुंडाळू, असा प्रस्ताव त्यांनी दिला, हा ह्यूजचा आरोप होता. ब्रूस्टरनी तो नाकारला. चित्रपटाने फर्ग्युसनला बाजूला केलं आणि दोघांची झुंज लावली. नाट्य म्हणून उत्तम. पण युद्धाच्या काळात सरकारी पैसा घेऊन एकही विमान युद्ध संपेपर्यंत का दिलं नाही, हा प्रश्न रास्त होता. पडद्यावर तो खलनायकाच्या तोंडी घातला की प्रेक्षक तो प्रश्नच विसरतो.

यंत्रविशारद

जुनाजाणता, लेक मीडबद्दल पूर्ण सहमत. तो प्रसंग घेतला असता तर १९४६चा अपघात वेगळ्या प्रकाशात दिसला असता.

हर्क्युलसबद्दल मात्र थोडी बाजू मांडतो. १९४२मध्ये जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजं बुडवत होत्या. जहाजबांधणीतले हेन्री कायझर यांची कल्पना होती की सैन्य आणि रणगाडे पाण्यावरून उडणाऱ्या अजस्र विमानांतून न्यावेत. ॲल्युमिनियम इतर विमानांसाठी राखून ठेवलेलं, म्हणून लाकूड वापरायची अट. 'स्प्रूस गूस' हे नाव वर्तमानपत्रांनी चिकटवलं, ह्यूजला ते अजिबात आवडत नसे, आणि लाकूड मुख्यतः बर्चचं होतं. पातळ थर राळेने चिकटवून साच्यात दाबायचे, वाकवायचे, अशी पद्धत. पंखांचा विस्तार ९७ मीटरच्या वर. २८ सिलिंडरची आठ इंजिनं, प्रत्येकी ३००० अश्वशक्तीची. इतक्या मोठ्या विमानाची सुकाणं नुसत्या हाताच्या जोराने हलवणं अशक्य, त्यासाठी द्रवदाबावर चालणारी यंत्रणा बसवावी लागली. हे सगळं नवं होतं. कायझर १९४४मध्ये बाहेर पडले. उशीर झाला त्यात ह्यूजचा हट्ट होताच, पण काम खरोखरच अवघड होतं.

२ नोव्हेंबर १९४७, लाँग बीचचं बंदर. पत्रकारांना घेऊन पाण्यावर नुसतं धावून दाखवायचं ठरलेलं. तिसऱ्या धावेला विमान उचललं गेलं. साधारण ७० फूट उंची, मैलभर अंतर. पुन्हा कधीच उडालं नाही. क्रम फक्त लक्षात घ्या: चौकशी ऑगस्टमध्ये तहकूब झाली, मध्ये हे उड्डाण झालं, आणि नोव्हेंबरमध्ये चौकशी पुन्हा सुरू झाली. चित्रपटात उड्डाण शेवटी येतं म्हणून ते विजयासारखं वाटतं.

सहजच

ते विमान आता आहे का कुठे? आणि एक विचारायचं होतं. माझ्या मित्राला हाच त्रास आहे, औषधं चालू आहेत. त्याला विमानांचं वेड आहे म्हणून हा चित्रपट सुचवणार होतो. धागा वाचून विचारात पडलो.

यंत्रविशारद

आहे, आणि उत्तम स्थितीत आहे. ओरेगॉन राज्यात मॅकमिनव्हिल इथल्या एव्हरग्रीन संग्रहालयात. एच-१ स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पंखांच्या विस्ताराचा हर्क्युलसचा विक्रम २०१९पर्यंत टिकला, त्या वर्षी स्ट्रॅटोलाँच कंपनीचं विमान उडालं तेव्हा मोडला.

छायाप्रकाश

जुनाजाणतांच्या मुद्द्यावर एवढंच: गाळलेल्या गोष्टींची यादी बरोबर आहे, पण ह्यूजला चित्रपट सोडून देत नाही. शेवट बघा. विमान उडालंय, लोक अभिनंदन करताहेत, तो पुढच्या जेट विमानांबद्दल बोलतोय, आणि एक वाक्य अडकतं. भविष्याबद्दलचं तेच वाक्य सुटत नाही. डिट्रिच आणि ओडेकर्क त्याला घाईघाईने एका खोलीत नेऊन लोकांच्या नजरेआड करतात. हे दोघं त्याचे हितचिंतक, आणि त्यांना सुचतं ते लपवणं. पुढची २९ वर्षं नेमकं हेच झालं. १९६६मध्ये तो लास व्हेगासच्या डेझर्ट इन हॉटेलात जाऊन राहिला तेव्हा भोवती मदतनीसांचं कडं होतं. ५ एप्रिल १९७६ला अकापुल्कोहून ह्यूस्टनला नेताना विमानातच गेला, आणि ओळख पटवायला बोटांचे ठसे घ्यावे लागले. पैसा नसता तर कुणीतरी लवकर डॉक्टर बोलावला असता, असं मला नेहमी वाटतं.

अनामिका

छायाप्रकाश, लपवण्याबद्दल लिहिलंत ते अगदी खरं. घरचेही तेच करतात, प्रेमापोटीच. टॉवेल आपण देतो, दार आपण उघडतो, आणि आजाराला रान मोकळं मिळतं.

सहजच, तुमच्या प्रश्नाबद्दल. मित्राला आधी विचारा, परस्पर लावून देऊ नका. स्वच्छतागृहाचे दोन्ही प्रसंग, ब्रूस्टरचं जेवण, आणि चित्रपट बघायच्या खोलीत तो स्वतःला कोंडून घेतो तो मोठा भाग जड जाऊ शकतो. त्या खोलीत तो मदतनीसांना कागदी पिशवी कशी उघडायची ते पायरी पायरीने सांगतो, ते माझ्या भावाला पाहवलं नाही, तो उठून गेला. पण विमानांचे सगळे प्रसंग त्याने दोनदा पाहिले.

आणि एक गोष्ट त्याला आधीच सांगा. चित्रपटातल्या ह्यूजसमोर उपचार नावाची गोष्टच नाही, कारण १९४७मध्ये या आजारावर खरोखर उपयोगी पडेल असं फारसं काही नव्हतं. भीतीच्या गोष्टीला सामोरं जायचं पण हात धुवायचे नाहीत, अशा पद्धतीने उपचार १९६६च्या सुमारास सुरू झाले. क्लोमिप्रामिन हे औषध या आजारावर वापरणंही त्याच दशकाच्या शेवटी सुरू झालं. ह्यूज तोवर पडद्यामागे गेला होता. तुमच्या मित्राची औषधं चालू आहेत म्हणता, सोबत ती सामोरं जाण्याची थेरपी चालू आहे का तेही विचारा. भावाला खरा फरक त्यानेच पडला. काही विचारायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, मी उत्तर देईन.